तारखेचा रकाना

गेल्या डिसेंबरात, कसबा बावडा रस्त्यावर न्यायालयाच्या आवाराबाहेर टंकलेखकांची जी ओळ बसते, तिथल्या एका लाकडी बाकावर मी माझ्या ७६ वर्षांच्या मामांना शपथेवर खोटे लिहायला सांगितले. त्या क्षणी मला ते खोटे वाटले नव्हते. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार होता, 'दिनांक' आणि 'डिसेंबर १९७१' यांच्या मधली जागा तेवढी मोकळी होती, टंकलेखकाची बोटे कळफलकावर थांबली होती आणि आमच्या मागे आणखी तिघे जण आपापले कागद घेऊन उभे होते. "मामा, चौदा लिहू या. इतक्या वर्षांनी कोण तपासायला येणार आहे?" असे मी म्हणाले. मामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "कोन तपासाय येनार न्हाई, म्हनूनच चुकीचं लिवाय नगं, तायडे. खाली शपथ हाय न्हवं?"

ते रागावले असते तर मी कदाचित विसरून गेले असते.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. गाव शिरोळ तालुक्यातले, नदीकाठचे. त्या पट्ट्यात ऊस आणि फौज या दोन गोष्टी कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. सैनिक टाकळीसारख्या गावाच्या नावातच फौज आहे, आणि आजूबाजूच्या गावांतही देव्हाऱ्याच्या शेजारी गणवेशातला एखादा फोटो नसलेले घर शोधावे लागते. मामा १९६८ साली भरती झाले आणि १९७६ साली वडील वारल्यावर, धाकटी भावंडे आणि चार एकर रान सांभाळण्यासाठी स्वतः अर्ज करून घरी आले. आठ वर्षांची नोकरी म्हणजे पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणजे दरवर्षी नोव्हेंबरात कुठेतरी जाऊन 'मी आहे' असे सांगण्याची गरजही नाही. माझी सारी नोकरी बँकेत गेली, आणि त्यातली कितीतरी वर्षे मी पेन्शनच्या खिडकीमागे बसून हयातीचे दाखले घेतले. समोर काठी टेकून उभ्या असलेल्या माणसाकडून तो जिवंत असल्याचा कागद मागायचा, सही ताडून पाहायची आणि शिक्का मारायचा, हे मी इतक्या मनापासून केले की त्यात काही विचित्र आहे असे मला कधी वाटले नाही. कागदावरची माझी श्रद्धा ही अशी कमावलेली आहे, म्हणून ती अजूनही सहजासहजी सुटत नाही.

या सगळ्याला सुरुवात झाली ती कंबरदुखीने. मामांना चालताना पायात मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितले. राजारामपुरीतल्या त्या केंद्रात, यंत्राच्या खोलीबाहेर, एका तरुण तंत्रज्ञाने छापील प्रश्न वाचायला घेतले: पेसमेकर बसवला आहे का, हाडात सळई आहे का, शरीरात धातूचा एखादा तुकडा राहिला आहे का. शेवटच्या प्रश्नाला मामा "हाय" म्हणाले. कुठे? उजव्या मांडीत, मागच्या अंगाला. कधीपासून? एकाहत्तरपासून. त्या मुलाने मान वर करून पाहिले, पेन खाली ठेवले आणि "मग आत नेता येणार नाही, आजोबा, आधी एक्स-रे काढू" असे म्हणून मामांना उठायला हात दिला. त्या यंत्रातले चुंबक इतके ताकदवान असते की मांसात रुतून बसलेला पोलादी तुकडा जागचा हलू शकतो. एक्स-रेमध्ये चिंचोक्याएवढा, एका बाजूने टोकदार, पांढराशुभ्र ठिपका दिसला. पुढच्या सव्वा वर्षात आम्ही अनेक टेबलांपुढे उभे राहिलो, पण कोणताही कागद न मागता मामांचा शब्द खरा धरणारा तो मुलगा एकटाच. त्याच्या कामात विश्वास न ठेवण्याची किंमत मामांच्या मांडीला मोजावी लागली असती, हे कारण मला बऱ्याच उशिरा उमगले.

एक्स-रे घरी आल्यावर मामांच्या नातवाने तो खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. तो भरतीची तयारी करतो, पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतो, आणि मोबाइलवर फौजेची जेवढी माहिती मिळेल तेवढी वाचतो. त्यानेच विचारले, "आजोबा, मग तुमचं पराक्रम पदक कुठं हाय?" मामांना ते नावच ठाऊक नव्हते. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकासाठी हे पदक १९७३ साली सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमांना ते लागू करण्यात आले. पांढऱ्या फितीच्या मधोमध एक लाल पट्टा, एवढीच त्याची खूण, आणि ती पाहताच गॉजच्या पट्टीतून वर येणाऱ्या रक्ताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इंग्रजीत त्या पदकाला सरळ जखमेचे पदक म्हणतात. हिंदीत, आणि म्हणून आपल्याकडेही, त्याचे नाव पराक्रम पदक असे आहे. मामांचे घोडे पहिल्यांदा इथेच अडले. "पराक्रम कसला? मी च्याचा डबा घिऊन चाललो हुतो" असे ते म्हणाले, आणि त्यानंतर दोन महिने त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

चहाच्या डब्याची ती हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले आहे, मात्र तुकड्यातुकड्यांनी. शकरगडचा पट्टा, पश्चिम आघाडी. पहाटेची कडाक्याची थंडी, मागच्या लंगरमधून पुढच्या खंदकांकडे चहा नेणारे दोघे जण आणि वाटेत उसाचा फड. मामा फडाच्या कडेने चालत होते, कारण उसाच्या आडोशाला त्यांना घरच्यासारखे वाटत होते. तोफेचा गोळा फडात पडला. आवाजाचे त्यांना काही आठवत नाही. ठेचलेल्या उसाचा गोड, हिरवा वास आणि त्यात मिसळलेली जळकी दारू एवढेच आठवते. मांडीवरून काहीतरी गरम ओघळत होते तो सांडलेला चहा आहे असे त्यांना वाटले, आणि डबा पालथा झाला म्हणून हवालदार काय म्हणेल याचीच आधी काळजी वाटली. सोबतच्या जवानाने स्वतःजवळची पट्टी काढून बांधली आणि त्यांना खांद्यावर घेतले. पुढे मदतकेंद्र, मग रुग्णवाहिका, मग तंबूतले इस्पितळ. तिथे डॉक्टरांनी दोन तुकडे काढले आणि तिसरा खोल आहे, राहू दे, असे सांगितले. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे गुऱ्हाळे पेटतात, चरकाखाली ऊस चिरडला जातो आणि वाऱ्यावर तो वास दूरवर पसरतो, तेव्हा सगळा गाव काकवीची आणि गरम गुळाची वाट पाहत असतो. मामा त्या दिवसांत गुऱ्हाळाच्या वाटेने जात नाहीत. चार एकर ऊस लावणारा माणूस गुऱ्हाळावर का येत नाही, याची गावात थट्टा व्हायची, आणि मीही लहानपणी त्या थट्टेत हसले आहे.

अखेर अर्ज करायला ते तयार झाले, ते त्यांच्या स्वतःच्या कारणासाठी. ते कारण त्यांनी मला नंतर सांगितले.

पुराव्याचा प्रश्न आला तेव्हा मामांनी माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला त्यांचा नंबर अजून स्पष्ट वाचता येतो. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापुरात कुणाला वेगळा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि शिरोळच्या गावांतून माणसे होड्यांनी बाहेर काढावी लागली. मामांचे घर आठवडाभर पाण्यात होते. घरी परतल्यावर त्यांनी डिस्चार्ज बुकाची, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळालेल्या पुस्तिकेची, पाने सोडवून, कपडे वाळत घालायच्या तारेवर चिमट्यांनी लावून वाळवली होती. मी ती पाने हातात घेतली तेव्हा पापडासारखी वाजली. छापील अक्षरे जशीच्या तशी होती. सगळे रकाने, त्यांच्या रेषा, त्यांचे मथळे सुखरूप होते. पेनाने भरलेला मजकूर मात्र वाहून गेला होता, आणि त्याच्या जागी फिकट निळसर ढग तेवढे उरले होते. कुठल्या ढगात जखमेची नोंद होती ते मामा बोट ठेवून दाखवत होते. मला तिथे एक अक्षरही लागले नाही.

पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे पाठवलेल्या पत्राला उत्तर आले, आणि ते सौजन्याने लिहिलेले होते. पेन्शन नसलेल्या सैनिकाची सेवेची कागदपत्रे २५ वर्षे जपली जातात आणि त्यानंतर नियमानुसार नष्ट केली जातात. लाँग रोलमध्ये, म्हणजे सैनिकांच्या कायमच्या नोंदवहीत, नाव, नंबर, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख एवढ्या नोंदी आहेत, जखमेचा उल्लेख नाही, आपल्याकडे काही पुरावा असल्यास सादर करावा, असा त्याचा आशय होता. २५ वर्षांचा हिशेब केला तर मामांचे कागद २००१ च्या सुमारास संपले असणार, म्हणजे महापुराच्या कितीतरी आधी. मला राग येणे स्वाभाविक होते, पण तो नीट येईना. बँकेत मीही जुनी व्हाउचरे आणि खतावण्या नष्ट करण्याच्या याद्यांवर सह्या केल्या आहेत. मुदत संपलेले गठ्ठे मोजायचे, यादी ताडायची, सही करायची. फडताळे मोकळी होणे ही खरी गरज असते, आणि त्या गठ्ठ्यांत कुणाच्या आयुष्याचा कुठला दिवस बांधलेला आहे हे यादीत लिहिलेले नसते. त्या पत्राखालच्या सहीकडे पाहताना मला माझीच सही आठवत राहिली.

रात्री झोप लागेना तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचत बसू लागले, आणि अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या आगीपर्यंत पोहोचले. १२ जुलै १९७३ रोजी तिथल्या लष्करी सेवेच्या कागदपत्रांच्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर आग लागली आणि ती विझायला काही दिवस लागले. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूदलाच्या सैनिकांचे सुमारे ८० टक्के कागद तिच्यात गेले. एकूण १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली, आणि त्यांच्या प्रती कुठेही काढून ठेवलेल्या नव्हत्या. आगीतून वाचलेले कागद विझवण्याच्या पाण्याने भिजले होते, म्हणून तेही वाळवावे लागले. हे वाचताना तारेवर चिमट्यांनी लावलेली मामांची पाने माझ्या डोळ्यांसमोर आली. आपल्याकडे पराक्रम पदक सुरू झाले ते याच १९७३ सालात. तिकडे जखमी सैनिकाला पर्पल हार्ट नावाचे पदक मिळते. ते मागणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आगीनंतर दुसरीकडच्या नोंदी धुंडाळाव्या लागल्या: इस्पितळात दाखल झालेल्यांच्या याद्या, तुकड्यांचे रोजचे अहवाल, घरी पाठवलेली पत्रे आणि सोबत्यांची शपथपत्रे. या शेवटच्या शब्दावर मी थांबले. सोबती. दुसऱ्याच दिवशी मी मामांना विचारले की पट्टी बांधणारा तो जवान आता कुठे असतो.

तो त्याच लढाईत, दोन दिवसांनी, गेला होता.

त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांना मी विचारलेले नाही. त्याचे नाव हुतात्म्यांच्या यादीत आहे, गावात त्याचा चबुतरा आहे. "पन त्यानं मला खांद्यावर आनलं, हे कुठंच लिवलेलं न्हाई" असे मामा म्हणाले. अर्ज करण्याचे त्यांचे कारण हेच होते. त्यांच्या जखमेची नोंद झाली, तरच त्या माणसाने केलेल्या गोष्टीला टेकायला कागदावर एक जागा मिळते. जखम झालीच नाही असे ठरले, तर पट्टी कुणाला बांधली? मी इतके महिने त्यांच्यासाठी पदक मागत होते, आणि ते स्वतः वेगळेच काही मागत होते.

दुसरा एक सोबती गडहिंग्लजच्या बाजूला हयात असल्याचे कळले, तेव्हा आम्ही भाड्याची गाडी करून गेलो. दोघे म्हातारे अंगणात एकमेकांना कवटाळून बराच वेळ उभे राहिले. चहा झाला, आणि मी वहीत प्रश्न लिहून आणले होते ते हळूच काढले. त्यांना सगळे आठवत होते, आणि ते लागलीच सही करायला तयार होते. तारीख ११, वेळ संध्याकाळची, जखम डाव्या खांद्याला. त्यांनी ते इतक्या ठामपणे, इतक्या तपशिलाने सांगितले की मी चमकून मामांकडे पाहिले. मामा मान खाली घालून बशीतला चहा संपवत होते. परतीच्या वाटेवर मी म्हणाले की आपण त्यांना आठवण करून देऊ शकतो, मांडी आणि पहाट एवढेच तर सुधारायचे आहे. मामा खिडकीबाहेर पाहत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्याला जे दिसतंय ते त्याचं हाय. त्यात मी बोट घालनार न्हाई." ती साक्ष आम्ही वापरली नाही.

मग उरली तारीख. मामांना तारीख आठवत नव्हती, पण चंद्र आठवत होता. डबा घेऊन निघताना पूर्वेला कोयत्यासारखी बारीक कोर नुकती वर आली होती. आणि लढाई पेटली ती दत्तजयंती होऊन दोन दिवसांत, हेही त्यांना पक्के माहीत होते, कारण नृसिंहवाडीच्या पंचक्रोशीतला माणूस कुठेही असला तरी दत्तजयंती मोजतो. मी हिशेब मांडला. १९७१ साली मार्गशीर्ष पौर्णिमा २ डिसेंबरला होती आणि युद्ध सुरू झाले ३ तारखेला. अमावास्या १७ डिसेंबरला आली, आणि त्याच रात्री ८ वाजता पश्चिम आघाडीवर युद्धबंदी झाली. त्या वेळी मामा इस्पितळातल्या खाटेवर होते, आणि तोफा थांबल्यावर कान दुखू लागले असे ते सांगतात. पहाटे पूर्वेला उगवणारी बारीक कोर म्हणजे वद्य पक्षाचे शेवटचे दिवस, अमावास्येच्या दोन ते चार दिवस आधी. म्हणजे १३, १४ किंवा १५. एवढ्या कागदांनी पाठ फिरवल्यावर आभाळाने जपून ठेवलेला हा पुरावा मला इतका सुंदर वाटला की मी त्या रात्री वहीवर '१४' लिहून त्याभोवती गोल काढला.

तो गोल मनात घेऊनच मी त्या लाकडी बाकावर बसले होते. तीन तारखांच्या मधली तारीख घेतली तर चूक झाली तरी एका दिवसाची होईल, हे बँकेत मुरलेल्या माणसाचे गणित होते. रकाना मोकळा राहिला तर कागद परत येतो, हे मला पक्के ठाऊक होते, कारण मोकळ्या रकान्यांचे कागद मी स्वतः आयुष्यभर परत केले आहेत. मामांना हे सगळे समजत होते. "ती कोर मी त्याच पाटं बघितली का आदल्या पाटं, हे मला सांगता यायचं न्हाई" एवढेच ते पुन्हा म्हणाले. टंकलेखक तिशीतला असावा. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही, मागच्या लोकांना थांबायची खूण केली आणि मामांनाच विचारले, "आजोबा, मग तुम्हाला जेवढं नक्की माहीत आहे तेवढं सांगा, मी तसं लिहितो."

मामा सांगत गेले. तो लिहीत गेला, आणि बोलीतले शब्द त्याने अदबीने प्रमाण भाषेत बसवले. १९७१ च्या डिसेंबर महिन्यात, युद्धबंदीच्या काही दिवस आधी, पहाटेच्या वेळी, पश्चिमेकडील आघाडीवर, चहा घेऊन जात असताना, तोफगोळ्याच्या स्फोटात माझ्या उजव्या मांडीला जखम झाली. नेमकी तारीख मला आठवत नाही. त्याखाली पट्टी बांधणाऱ्या जवानाचे पूर्ण नाव, गावासह, आणि त्याने मला खांद्यावर वाहून मदतकेंद्रात नेले हे वाक्य. त्यानंतर एक्स-रे सोबत जोडला असल्याचा उल्लेख. टंकलेखकाने सगळे मोठ्याने वाचून दाखवले. मामांनी एकच दुरुस्ती सुचवली. 'चहा' या शब्दाआधी 'पलटणीचा' असे घालायला सांगितले, म्हणजे तो त्यांचा स्वतःचा चहा होता असे कुणाला वाटू नये.

छापलेला कागद हातात आला. मामांनी तो मांडीवर फळी ठेवून त्यावर सरळ केला, पेन घेतले आणि सहीच्या जागी आधी आपला नंबर लिहिला, एकही आकडा न अडखळता, मग हुद्दा, मग नाव. नंबर वर छापलेला आहे असे मी सांगितले, तरी त्यांनी लिहिणे थांबवले नाही. सहीच्या खाली 'दिनांक' असा आणखी एक मोकळा रकाना होता. पेन तिथे टेकवून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तायडे, आज तारीख किती?"

मी तोंड उघडले आणि थांबले. मग पिशवीतून फोन काढला, तारीख पाहिली, आणि त्यांना सांगितली.